संगणक म्हणतो ‘उपलब्ध’, मांडणीत मात्र पुस्तक नाही

विद्यापीठ ग्रंथालयाबद्दल विद्यार्थी कितपत समाधानी आहेत, ते मोजायचे कसे आणि वाढवायचे कसे, यावर ग्रंथपालांची आणि विद्यार्थ्यांचीही पत्रे आली आहेत. त्यांतली निवडक पत्रे उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : वार्षिक पाहणीत विद्यार्थ्यांनी आमच्या ग्रंथालयाला ५ पैकी सरासरी ४.१ गुण दिले. तरीही वाचनकक्षातली गर्दी ओसरते आहे आणि तक्रारी थांबत नाहीत. कशावर विश्वास ठेवावा? – एक ग्रंथपाल

तक्रारींवर ठेवा. आकडा खोटा नसेल, पण तो कोणाचा आहे ते आधी तपासा. प्रश्नावली देवघेव काउंटरवर ठेवलेली असेल, तर ती भरणारे सगळे ग्रंथालयात येणारेच असतात. दोन-तीनदा हात हलवत परत गेल्यावर ज्यांनी येणेच सोडले, त्यांचे मत या सरासरीत उतरत नाही. शिवाय कर्मचारी समोर उभा असताना सहसा कोणी कमी गुण देत नाही.

दुसरी अडचण प्रश्नाच्या स्वरूपातच आहे. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असे विचारले की उत्तर अपेक्षेवर ठरते. ज्याने कधी चांगले ग्रंथालय पाहिलेच नाही, तो थोडक्यावर खूश असतो. ज्याला आपल्या विषयात काय काय मिळू शकते हे ठाऊक आहे, तो चांगल्या सेवेलाही कमी गुण देतो. म्हणून अपेक्षा वेगळी मोजावी लागते. सेवांची गुणवत्ता अपेक्षेशी ताडून पाहणारी ‘सर्व्हक्वाल’ ही पद्धत १९८८ साली पुढे आली. तिच्यावरून अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाबरोबर ‘लिबक्वाल’ तयार केली आणि २००० पासून ती ग्रंथालयांत वापरली जाऊ लागली. तिच्यात २२ मुख्य विधाने आहेत आणि त्यांचे गट तीन : कर्मचाऱ्यांची वागणूक व मदत, माहितीपर्यंत स्वतः पोहोचण्याची सोय, आणि जागा म्हणून ग्रंथालय. प्रत्येक विधानाला १ ते ९ मध्ये तीनदा गुण द्यायचे असतात : निदान एवढे तरी हवे, खरे तर एवढे असावे, आणि प्रत्यक्षात एवढे मिळते.

फरक कसा पडतो ते उदाहरणाने पाहू. समजा, शांत जागेसाठी ‘निदान’चे गुण ६.८ आहेत आणि ‘प्रत्यक्षा’चे ६.३. जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांसाठी हेच गुण ४.६ आणि ५.४ आहेत. फक्त ‘प्रत्यक्ष’ पाहिले तर खंडांची स्थिती वाईट दिसते आणि पैसा तिकडे वळतो. पण प्रत्यक्षातून निदान वजा केले की शांततेला उणे ०.५ आणि खंडांना अधिक ०.८ येतात. म्हणजे दुखणे शांततेचे आहे. उणे आलेली विधाने एका कागदावर उतरवून काढा. पुढच्या वर्षाची कामाची यादी तिथेच तयार होते.

एकच सावधगिरी घ्या. तीन स्तंभांचा फॉर्म भरताना माणूस कंटाळतो आणि मग उभ्या रेषेत सगळीकडे ७ टाकत सुटतो. ‘निदान’चे गुण ‘असावे’पेक्षा जास्त, अशी उलटी उत्तरे एखाद्या फॉर्ममध्ये बरीच असतील तर तो फॉर्म बाजूला काढा. लिबक्वालच्या छोट्या आवृत्तीत प्रत्येकाला २२ पैकी ८ च विधाने येतात. वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी विधाने गेल्याने सगळी विधाने मोजली जातात. स्वतःची प्रश्नावली बनवतानाही हीच युक्ती वापरा, आणि शेवटी ‘गेल्या वेळी आलात तेव्हा नेमके काय अडले?’ हा मोकळा प्रश्न ठेवाच.

प्रश्न : आमच्या विद्यापीठात ८,००० विद्यार्थी आहेत. किती जणांची उत्तरे मिळाली म्हणजे पुरे? – ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी

९५ टक्के विश्वासपातळी (म्हणजे अशा शंभर पाहण्यांपैकी ९५ चे उत्तर ठरलेल्या चुकीच्या मर्यादेत येईल) आणि अधिक-उणे ५ टक्के चूक चालणार असेल, तर ३६७. विद्यार्थी १,००० असते तर २७८ आणि १०,००० असते तर ३७० लागले असते. संख्या दहापट झाली तरी नमुना तेवढा वाढत नाही, हे लक्षात घ्या.

मात्र ३६७ ही हाती आलेली उत्तरे हवीत. दहांपैकी तिघेच उत्तर देतील असा अंदाज असेल, तर साधारण १,२२५ जणांना फॉर्म पाठवा. नावे हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून निवडा आणि विद्याशाखा व वर्ष यांच्या प्रमाणात वाटून घ्या. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांबद्दल वेगळे काही म्हणायचे असेल, तर प्रमाणाने त्यांच्या वाट्याला आलेली वीसेक उत्तरे पुरणार नाहीत. त्यांचा नमुना मुद्दाम मोठा घ्यावा लागेल.

पाहणी परीक्षेच्या तोंडावर नको आणि सत्राच्या पहिल्या पंधरवड्यातही नको. सहाव्या ते आठव्या आठवड्यात विद्यार्थ्यांना ग्रंथालयाचा पुरेसा अनुभव आलेला असतो. हजेरी क्रमांक विचारू नका. ओळख पटेल या भीतीने गुण वाढतात. अहवालात सरासरीसोबत प्रत्येक गुण किती जणांनी दिला तेही छापा. निम्म्यांनी ५ आणि निम्म्यांनी १ दिला तरी सरासरी ३ च येते, आणि त्यातले खरे दुखणे दिसत नाही.

प्रश्न : सूचीत पुस्तक ‘उपलब्ध’ दिसते, मांडणीत मिळत नाही. काउंटरवर ‘नीट शोधा’ एवढेच सांगतात. चूक कोणाची? – द्वितीय वर्षाचा विद्यार्थी

चूक चार ठिकाणी होऊ शकते, आणि ती कुठे झाली हे शोधायची जुनी, खात्रीची पद्धत आहे. १९७० च्या दशकात ग्रंथालय-संशोधक पॉल कँटर यांनी ती ग्रंथालयांपुढे मांडली. तुमच्या ग्रंथपालांना हे उत्तर जरूर दाखवा, कारण समाधानाच्या कोणत्याही पाहणीपेक्षा ही पाहणी आम्हाला जास्त मोलाची वाटते.

दोन आठवडे दाराशी छोट्या चिठ्ठ्या ठेवायच्या. विशिष्ट पुस्तक शोधायला आलेल्याने पुस्तकाचे नाव लिहायचे आणि जाताना ‘मिळाले’ किंवा ‘नाही’ यावर खूण करायची. न मिळालेली प्रत्येक चिठ्ठी कर्मचाऱ्याने त्याच दिवशी तपासायची. दुसऱ्या दिवसापर्यंत पुस्तक हललेले असते.

समजा, ३०० चिठ्ठ्या जमल्या. ३० पुस्तके ग्रंथालयात नव्हतीच, उरली २७०. त्यांतली ५४ कोणीतरी नेलेली होती, उरली २१६. २७ चुकीच्या जागी होती, मांडणीवर परतायची राहिली होती किंवा गहाळ होती, उरली १८९. आणि २१ बरोबर जागेवर असूनही विद्यार्थ्याला दिसली नाहीत. म्हणजे हातात पडली १६८, शेकडा ५६. प्रत्येक टप्प्याचा इलाज वेगळा आहे : पहिल्याला खरेदी, दुसऱ्याला जादा प्रती किंवा कमी मुदत, तिसऱ्याला मांडणीची शिस्त, चौथ्याला पाट्या आणि मार्गदर्शन. हे वेगळे न काढता ‘पुस्तके कमी पडतात’ म्हणून खरेदी वाढवली, तर शेवटच्या दोन टप्प्यांत हरवणारी ४८ पुस्तके तशीच हरवत राहतात.

तिसऱ्या टप्प्यात सगळ्यात जास्त गोंधळ परत आलेल्या पुस्तकांचा असतो. काउंटरवर पुस्तक जमा होताच सूची ‘उपलब्ध’ दाखवते, आणि पुस्तक मात्र संध्याकाळपर्यंत ट्रॉलीवरच पडून असते. कोहासारख्या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत परत आलेल्या प्रतीचे स्थान काही काळ ‘ट्रॉलीवर’ असे दाखवण्याची सोय आहे, ती चालू करून घ्या. ट्रॉली विद्यार्थ्यांना दिसेल अशी मोकळी ठेवली तरी बरेच काम होते. ‘वाचून झालेले पुस्तक टेबलावरच ठेवा’ ही पाटी लावा, कारण चांगल्या हेतूने स्वतः परत ठेवलेले पुस्तकच बहुतेकदा चुकीच्या जागी जाते. जास्त वापराच्या मांडण्या दर आठवड्याला क्रमाने तपासा, बाकीच्या सत्रातून एकदा.

चौथ्या टप्प्यातली नेहमीची चूक दशांशाची. ५३०.१२ हा वर्गांक (पुस्तकावरचा विषयक्रमांक) ५३०.४ च्या आधी येतो. बारा चारापेक्षा मोठे म्हणून विद्यार्थी पुढे शोधत राहतात. मांडणीच्या टोकाला हे एक उदाहरण मोठ्या अक्षरांत लावा.

तुमच्यापुरते सांगायचे तर वर्गांकाबरोबर सूचीतला विभागही टिपून घ्या, कारण तेच पुस्तक संदर्भ विभागात किंवा बुकबँकेत असू शकते. मग त्या जागेच्या आगेमागे हातभर आणि वरचा-खालचा खण पाहा, ट्रॉली पाहा, शेजारची टेबले पाहा. तरीही नाही मिळाले तर ‘नाही मिळाले’ अशी लेखी नोंद करायला लावा. नोंद झाली की शोध घेणे ही ग्रंथालयाची जबाबदारी होते.

प्रश्न : वर्गात १२० जण, पाठ्यपुस्तकाच्या प्रती ६, मुदत १४ दिवस. नव्या प्रतींना पैसे नाहीत म्हणतात. – विद्यार्थी प्रतिनिधी

मुदतीचे गणित मांडून दाखवा. १६ आठवड्यांच्या सत्रात १४ दिवसांच्या मुदतीने एक प्रत फार तर ८ जणांकडे जाते, म्हणजे ६ प्रती ४८ वेळा. मुदत ३ दिवसांची केली आणि परत येऊन मांडणीवर जायला एक दिवस धरला, तर ११२ दिवसांत एक प्रत २८ हातांत फिरते आणि ६ प्रती १६८ वेळा. पैसा न लागता साडेतीनपट. त्यांतल्या दोन प्रती बाहेर न देता दोन तासांसाठी तिथेच वाचायला ठेवल्या, तर परीक्षेआधी पुस्तक हाती लागेल याची निदान खात्री राहते.

हा उपाय लँकेस्टर विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या अखेरीस ग्रंथालय-संशोधक मायकेल बकलंड यांनी अभ्यासून दाखवला आहे. जास्त मागणीच्या पुस्तकांना कमी मुदत लावल्यावर पुस्तके मिळण्याचे प्रमाण वाढले. पुस्तके मिळतात हे कळल्यावर मागणीही वाढली आणि मिळण्याचे प्रमाण पुन्हा थोडे घसरले. ग्रंथपालांनी ही घसरण अपयश मानू नये. ग्रंथालय जास्त विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडू लागले, असाच तिचा अर्थ. म्हणून समाधानाचा आकडा नेहमी वापराच्या आकड्याशेजारी ठेवून वाचावा.

सरसकट सगळ्या पुस्तकांची मुदत मात्र कमी करू नका. बहुतेक पुस्तकांना रांग नसते. त्यांना लांब मुदत द्या आणि कोणी आरक्षण केले नसेल तर आपोआप नूतनीकरण होऊ द्या. दंडावरून होणारी बरीच कटुता त्यानेच जाते.

प्रश्न : सकाळी टेबलावर बॅग ठेवून लोक दिवसभर गायब होतात. जागा वाढवाव्यात का? – वाचनकक्षाचे सहायक

आधी मोजा. साध्या आठवड्यात आणि परीक्षेआधीच्या आठवड्यात दर तासाला फेरी मारून नकाशावर तीन खुणा करा : माणूस, नुसते सामान, रिकामी. नुसत्या सामानाच्या खुर्च्या बऱ्याच निघाल्या तर नवी टेबले घेण्याआधी वेळेचे कार्ड लावून पाहा. निघण्याची वेळ त्यावर लिहायची, ३० मिनिटांनंतर जागा दुसऱ्याला. नियम सगळ्यांना सारखा लागला पाहिजे, नाहीतर भांडणे वाढतील.

चार खुर्च्यांच्या टेबलाशी समोरासमोर तिरके दोघे बसले की तिसरा अनोळखी माणूस सहसा तिथे बसत नाही. टेबलावर मध्ये बुटकी आडभिंत आणि प्रत्येक जागेला स्वतंत्र प्लग दिला, तर त्याच टेबलाशी चौघे बसतात. गटाने बोलत अभ्यास करायची जागा, प्रिंटर आणि जिना एका टोकाला, आणि शांत कक्ष सगळ्यात दूर ठेवा. बोलत्या कक्षातून शांत कक्षाकडे जायची वाट असावी, उलट नको. उजेडाचे युरोपीय मानक वाचनाच्या टेबलावर ५०० लक्स (उजेडाचे एकक) आणि पुस्तकांच्या मांडणीवर २०० लक्स आहे. लक्समीटर टेबलावर ठेवून संध्याकाळी मोजा. दिव्यांवर धूळ बसून उजेड हळूहळू घटतो, आणि रोज तिथे बसणाऱ्याला ते जाणवत नाही.

प्रश्न : घरून ई-जर्नल उघडत नाही, पैसे मागते. – संशोधक विद्यार्थी

प्रकाशक तुम्हाला विद्यापीठाच्या आयपी पत्त्यावरून ओळखतो. घरून सर्च इंजिनमधून थेट गेलात की ती ओळख जाते. ग्रंथालयाच्या पानावरच्या दुव्यापासून सुरुवात करून लॉगिन करा. तरी अडले तर ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) विंडोत पाहा, मग संदेशाचा स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ ग्रंथालयाला पाठवा. ग्रंथपालांसाठी : ई-साधनांचा वापर मोजणाऱ्या ‘काउंटर’ (COUNTER) मानकाच्या अहवालात नाकारलेल्या प्रवेशांची नोंद मिळते. परवाना नसल्याने नाकारले असेल तर वर्गणीचा विचार करा, एका वेळच्या वाचकांची मर्यादा संपल्याने नाकारले असेल तर फक्त मर्यादा वाढवून घ्या.

प्रश्न : मी अंध आहे. ग्रंथालयाची स्कॅन केलेली पुस्तके स्क्रीन रीडर वाचत नाही, आणि पाहणीचा फॉर्मही नाही. – पदव्युत्तर विद्यार्थिनी

त्या फायली नुसती चित्रे आहेत. किमान ३०० डीपीआयने स्कॅन करून ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर बनवणे) केले की अक्षरे वाचता येतात. टेसरॅक्ट हे मोफत साधन देवनागरीही ओळखते, पण जोडाक्षरे आणि तक्ते माणसाने तपासावे लागतात. म्हणून पूर्ण पुस्तकाऐवजी आधी लागणाऱ्या प्रकरणांची यादी सत्राच्या सुरुवातीलाच द्या. दृष्टिहीनांसाठी अशी प्रत बनवण्याची मुभा देणारा मराकेश करार २०१३ चा आहे. तुमच्या देशाने तो स्वीकारला असेल, तर कॉपीराइटचे कारण सांगून नकार देण्याआधी ग्रंथालयाने तो वाचायला हवा. फॉर्म अडण्याचे कारण बहुधा आडव्या-उभ्या चौकटींचा तक्ता असते. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र ओळीत आणि त्याखाली पर्याय अशी रचना करायला सांगा, आणि पाठवण्यापूर्वी एकदा फक्त कीबोर्डने तो भरून पाहायला सांगा.