एका छिद्राचा आकडा आणि चौरस मीटरचा हिशोब

तुमचा प्रश्न असा, की नदीचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळताना नॅनो-मेम्ब्रेनच्या (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पातळ पडद्याच्या) एका चौरस मीटरमधून दहा लाख वॉट मिळू शकतात असं वाचलं, मग नदीच्या मुखाशी वीजकेंद्रं का नाहीत? आकडा खोटा नाही, पण तो एका छिद्राचा आहे. 2016 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी मॉलिब्डेनम डायसल्फाइड या पदार्थाच्या एकपदरी थरात एक छिद्र पाडून वीज मोजली आणि चौरस मीटरभर तशीच छिद्रं धरून तिला गुणलं. छिद्रं दाटीवाटीने पाडली की शेजारची छिद्रं त्याच आयनांवर (मिठाच्या विद्युतभारित कणांवर) तुटून पडतात, पृष्ठभागाशी खारं-गोडं हा फरकच विरतो आणि गुणाकार कोसळतो.

शिवाय मेम्ब्रेन कितीही भारी असो, पाण्यात ऊर्जा असते तेवढीच. एक घनमीटर गोडं पाणी समुद्रात मिसळताना जेमतेम पाऊण युनिट. पंप आणि गाळणीचा खर्च त्यातूनच वजा करायचा.

नॉर्वेत टोफ्टे इथे स्टॅटक्राफ्ट या वीजकंपनीने 2009 मध्ये परासरण दाबावर, म्हणजे गोडं पाणी मेम्ब्रेनमधून खाऱ्यात शिरताना तयार होणाऱ्या दाबावर, टर्बाइन फिरवून दाखवलं. उद्दिष्ट चौरस मीटरला 5 वॉटचं होतं, हाती आला साधारण 1 वॉट. काही वर्षांत काम थांबलं.

दुसऱ्या पद्धतीत फक्त धनायन (धनभारित आयन) आणि फक्त ऋणायन (ऋणभारित आयन) पार जाऊ देणारी मेम्ब्रेन आलटून-पालटून रचतात आणि मधल्या फटींतून आळीपाळीने खारं व गोडं पाणी सोडतात. एका जोडीचा व्होल्टेज 0.15 व्होल्टच्या आसपास, म्हणून शेकडो जोड्या लागतात. इथे सगळे मेम्ब्रेनच्या मागे लागतात, पण मला वाटतं खरी अडचण मधल्या गोड्या पाण्याची आहे. ते वीज नीट वाहूच देत नाही. फट अरुंद करावी तर पंपाचा भार वाढतो आणि गाळ अडकतो. मी नदीचं पाणी घेणारं मोड्यूल (अशा मेम्ब्रेनची पेटी) उघडलं तेव्हा आत बुळबुळीत तपकिरी थर बसला होता; प्रयोगशाळेत मिठाच्या शुद्ध द्रावणावर हे कधीच दिसत नाही. त्यात नैसर्गिक पाण्यातलं मॅग्नेशियम व्होल्टेज खाली ओढतं, ते वेगळंच.

म्हणूनच मला जपानमधल्या फुकुओकाची वाट पटते. 2025 मध्ये सुरू झालेलं तिथलं केंद्र निःक्षारीकरणातून (समुद्राचं पाणी गोडं करण्यातून) उरलेलं दाट खारं पाणी आणि प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतं. खारटपणातला फरक मोठा आणि पाणी आधीच गाळलेलं!

पुढचा शोधनिबंध वाचाल तेव्हा आधी चाचणीच्या तुकड्याचं क्षेत्रफळ शोधा. ते चौरस मिलिमीटरच्याही अंशात असेल तर वॉटचा आकडा बाजूला ठेवा आणि मेम्ब्रेनची निवडक्षमता (ते हवे तेच आयन किती नेमके सोडतं) व रोध (विजेला किती अडवतं) बघा. मग पाणी खरंखुरं नदी-समुद्राचं होतं की मिठाचं शुद्ध द्रावण, ते तपासा.