रिपोर्ट चांगले, तरीही वडील खंगत आहेत

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे असून नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. दीड वर्षापूर्वी आई गेली. गेल्या तीन महिन्यांत त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला मी दोन नवी भोके पाडून दिली. ते ज्येष्ठ नागरिक संघात जात नाहीत, कट्ट्यावरही बसत नाहीत. संपूर्ण शरीर तपासणीचे पॅकेज केले. साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी सारे व्यवस्थित आहे. आणखी कोणती तपासणी करावी?
— एक वाचक, जेल रोड

उत्तर : तुमच्या पत्रातला सर्वांत बोलका रिपोर्ट म्हणजे पट्ट्याची ती दोन भोके. तीन महिन्यांत प्रयत्न न करता तीन किलोहून अधिक वजन उतरणे ही जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांच्या प्राथमिक तपासणीसाठी ठरवलेली धोक्याची खूण आहे, आणि पॅकेजमध्ये ती बहुधा कोणी विचारत नाही. त्यामुळे आधी वजन करा आणि फिजिशियनना दाखवा. थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग यांच्याबरोबरच सैल झालेली कवळीही यामागे असू शकते.

घरी करण्याजोगे थोडे आहे. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठण्या-बसण्यास १४ सेकंदांहून अधिक लागले, तर पायांतले बळ कमी होत आहे असे समजावे. अर्थात हे पाहताना तुम्ही जवळ उभे राहा. मागे हातभर अंतरावर थांबून चार साधे शब्द कुजबुजून पाहा. ऐकू येत नसेल, तर कट्टा सुटण्याचे कारण तिथेच सापडण्याची शक्यता आहे, कारण चारचौघांत दर वाक्याला ‘काय म्हणालात?’ विचारणे माणसाला नकोसे होते.

मनाविषयी मात्र अंदाज बांधू नका. उतारवयातले नैराश्य रडण्यातून क्वचितच दिसते. जेवण मंदावणे, अंग दुखणे, झोप उडणे अशा रूपांत ते येते आणि घरचे लोक ‘वयाचे आहे’ म्हणून सोडून देतात. गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न किंवा निराश राहिले का, आणि आवडीच्या गोष्टींत गोडी वाटेनाशी झाली का, हे दोन प्रश्न निवांतपणे विचारा. यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर तो निष्कर्ष नव्हे. पुढे सविस्तर तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ. जगण्याचाच कंटाळा आल्याचे बोलले, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते.

एका प्रश्नाचे तुम्हाला वाईट वाटेल, तरीही लिहितो. दुपारचे जेवण ते कोणाबरोबर घेतात, पेन्शनचा पैसा कोणाच्या हाती असतो, घरात कोणी तोडून बोलते का, हे डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बसवून त्यांना विचारायला हवे. संशय म्हणून नव्हे. मुलासमोर बाप हे सांगत नाही.

ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी स्वतंत्र सेवेची तरतूद आहे. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. जाताना झोपेच्या गोळीपासून काढ्या-चूर्णापर्यंत घरातली सारी औषधे एका पिशवीत न्या, आणि रक्तदाब झोपलेल्या व उभ्या अशा दोन्ही स्थितींत मोजायला सांगा. उठल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने उतरत असेल, तर रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका असतो.