कनूतून नदी पाहताना

प्रश्न : वाटाड्यासोबत दोघांच्या कनूतून (वल्ह्यांनी चालवायची अरुंद होडी) नदीचा निसर्ग आणि इतिहास पाहायचा आहे. कोणी कुठे बसावं? कनू उलटली तर?

उत्तर : अनुभवी व्यक्ती मागे, दिशा तिथूनच सांभाळली जाते. वल्ही विरुद्ध बाजूंना मारा. फोटोसाठी उभं राहू नका, कनू कलंडते. उलटलीच तर प्रवाह येतो त्या बाजूला राहा. प्रवाह जातो त्या बाजूला राहिलात तर पाण्याने भरलेली जड कनू तुम्हाला खडकावर दाबेल. वेगवान पाण्यात पाय टेकू नका, दगडांत अडकतो. लाइफ जॅकेटचे पट्टे मात्र आधीच आवळा.

इतिहास वळणांवर वाचा. बाहेरचा काठ नदी कापते, तिथे गाळाचे जुने थर उघडे दिसतात. आतल्या काठावर वाळू साचते. प्राण्यांच्या पाऊलखुणा तिथेच शोधा. जुन्या पुलाचे खांब लांबूनच पाहा, त्यांना ओंडके अडकलेले असतात.