५१२ जीबी किंवा १ टीबीचा म्युझिक प्लेअर घेण्यात अर्थ आहे का? घेण्याआधी काय तपासावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की "फोन असताना एवढ्या गाण्यांचा वेगळा डबा कशाला, असं घरचे म्हणतात." हे वाक्य वाचलं आणि बसलो लिहायला. तुमच्या घरचे कोण मला माहीत नाहीत, पण माझ्या घरी हे वाक्य माझा मेव्हणा म्हणतो, गेली पंधराएक वर्षं, दर भेटीत, आणि त्याच टोनमध्ये.

माझ्याकडे २००९ चा १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आहे. अजून चालतो. २००१ मध्ये पहिला आयपॉड आला तो ५ जीबीचा होता आणि खिशात हजार गाणी म्हणून त्याचं कौतुक झालं होतं. ह्या १६० वाल्यावर चाळीस हजार गाणी बसतात असा दावा होता. पण तो हिशोब १२८ केबीपीएसच्या (म्हणजे बऱ्यापैकी दाबून लहान केलेल्या) चार मिनिटांच्या गाण्याचा, हे बारीक अक्षरातलं कोणी वाचत नाही. मी वाचलं नव्हतं. दुसरं म्हणजे १६० लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटरवर दिसतात १४९, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोजवाला कॉम्प्युटर १०२४ ने. तुमचे ५१२ पण ४७६ च दिसतील, तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

तर मी त्यात ३१ हजार गाणी भरली. टॅग हाताने नीट केले, गायक, संगीतकार, साल, सगळं. किती रविवार गेले विचारू नका. एकदा मेव्हणा घरी आला, माझा कॉम्प्युटर चालू होता, आणि त्याला तो प्ले काउंटचा, म्हणजे कुठलं गाणं किती वेळा वाजलं त्याचा, कॉलम दिसला. त्याने त्यावर क्लिक करून यादी उलटी लावली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊजी, हे सत्तावीस हजार गाण्यांपुढे शून्य आहे, म्हणजे काय?" म्हणजे काय ते त्याला चांगलं माहीत होतं. बायको हसली. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही, आता सुचतंय. अरे, घरात शब्दकोश असतो तो कोणी पहिल्या पानापासून वाचत बसतं का? नेमका कुठला शब्द अडेल हे आधी माहीत नसतं म्हणून अख्खा ठेवावा लागतो. गाण्याचं तेच आहे. ती सत्तावीस हजार गाणी मी ऐकली नाहीत हे खरं, पण त्यातलं कुठलं कधी रात्री दोन वाजता आठवेल हे मला आज सांगता येत नाही.

असो. प्रश्न काय तपासावं हा होता.

आधी हिशोब करा. एमपी३ ३२० केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. तेच सीडीवरून फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता दाबलेली फाइल) घेतलं तर साधारण २५ ते ३० एमबी. म्हणजे ५१२ च्या कार्डावर एमपी३ची चाळीसेक हजार किंवा फ्लॅकची सतराअठरा हजार. आणि ते २४ बिट १९२ किलोहर्ट्झवालं हायरेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारीक नोंदलेलं, घेत असाल तर एकेक गाणं पावणेदोनशे एमबीच्या घरात जातं, मग तुमचा ५१२ पण तीन हजार गाण्यांतच भरतो. माझं स्पष्ट मत, नुसतं ऐकण्यासाठी हायरेझ ही जागेची नासाडी आहे. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि माणसाचा कान तरुणपणी फार तर २० पर्यंत जातो, माझ्या वयात तर त्याच्याही बराच अलीकडे थांबतो. ज्यांना फरक ऐकू येतो त्यांनी डोळे बांधून ऐकावं आणि मग बोलावं.

पण हा हिशोब कोणीही करेल. माझी जी फजिती झाली ती वेगळ्याच गोष्टीने.

आयपॉडच्या १४९ मध्ये मावेना झालं, शिवाय जुन्या सीडी परत फ्लॅकमध्ये काढायला घेतल्या होत्या, म्हणून मी कार्डवाला नवा प्लेअर घेतला. नाव सांगत नाही. खोक्यावर लिहिलेलं की दोन टीबीपर्यंतचं कार्ड चालेल, आवाज अप्रतिम, हातात घेतला की दगडासारखा भक्कम. मी ५१२ चं कार्ड आणलं. पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं गाडीने आठ तासांच्या प्रवासाला निघणार होतो, डोंगरातला रस्ता, नेटवर्क नाही, आणि बरोबर मेव्हणा. मी आठवडाभर सांगत होतो की बघच आता. आदल्या रात्री प्लेअर केबलने जोडून कॉपी लावली, आणि पहिलं शहाणपण तिथे आलं, वेग सेकंदाला १२ एमबी. भागाकार करून बघा, पूर्ण कार्डाला जवळजवळ बारा तास होतात. कार्ड बाहेर काढून चांगल्या रीडरमध्ये घातलं तेव्हा ते काम दोनेक तासांवर आलं. तुम्ही सुरुवातीपासूनच रीडर वापरा.

सकाळी गाडीत बसलो, वायर लावली, प्लेअर चालू केला. स्क्रीनवर "लायब्ररी अपडेट होत आहे" आणि खाली आकडा. ३००, ७००, १५००. मी म्हणलं पाच मिनिटं थांबा. आकडा ६,४१८ वर गेला, थांबला, स्क्रीन काळी झाली, कंपनीचा लोगो आला आणि परत पहिल्यापासून सुरू. १, २, ३. दुसऱ्यांदा पण ६,४१८. तिसऱ्यांदा आकडा जवळ यायला लागला तसं मागून मेव्हण्याने मोजायला सुरुवात केली, सहा हजार चारशे सोळा, सतरा, अठरा, आणि परत लोगो. मग त्याने स्वतःचा फोन गाडीला जोडला. त्याच्या ॲपमध्ये म्हणे जगातली सगळी गाणी, पण नेटवर्क गेल्यावर उरली फक्त डाउनलोड केलेली, आणि ती होती चाळीस. ती दोनदा वाजली. तिसऱ्यांदा पहिलं गाणं सुरू झाल्यावर बायको म्हणाली, "बंद करा रे ते! एकाकडे तीस हजार, एकाकडे जगभरातली, आणि आपण वायपरचा आवाज ऐकतोय." उरलेला प्रवास तसाच झाला.

मेव्हणा हा किस्सा सांगताना फक्त माझा अर्धा भाग सांगतो. त्याच्या चाळीस गाण्यांचा भाग कोणाला माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय. आणि डाउनलोड केलेलं गाणंसुद्धा आपलं नसतं, स्पॉटिफायसारख्या ठिकाणी तीस दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर ते वाजत नाही.

परत आल्यावर मी दोन आठवडे त्या ६,४१८ च्या मागे होतो. पद्धत साधी, अर्धे फोल्डर कार्डावरून काढायचे, स्कॅन लावायचं, अडलं तर राहिलेल्यातले परत अर्धे काढायचे. शेवटी एक फाइल सापडली. त्यात आवाज होता ९ एमबीचा आणि आत चिकटवलेलं कव्हरचं चित्र ११ एमबीचं! ते उघडायला प्लेअरला मेमरी पुरत नव्हती आणि तो बसकण मारत होता. आता माझी सगळी कव्हरं ५०० बाय ५०० ची साधी जेपेग आहेत, प्रोग्रेसिव्ह (आधी धूसर दिसून मग स्पष्ट होणारी) नाहीत, कारण ती बऱ्याच प्लेअरवर दिसतच नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की खोक्यावरची क्षमता ही गोदामाची क्षमता असते. आत हमाल किती आहेत ते लिहिलेलं नसतं. प्लेअर विकत घेताना तो रिकामा असतो आणि रिकामा प्लेअर सगळाच छान चालतो. रिव्ह्यूवाले पण वीसेक गाणी टाकतात आणि आवाज किती उबदार आहे ह्यावर दोन पानं लिहितात. तुम्ही परत करायची मुदत असेल अशाच ठिकाणी घ्या, पहिल्याच दिवशी काठोकाठ भरा आणि मग बघा. स्कॅनला किती वेळ लागतो, एक गाणं वाढवलं तर सगळं परत स्कॅन करतो का, यादीत 'अ' वरून 'स' ला जायला किती वेळ अंगठा चालवावा लागतो (ह्या बाबतीत आयपॉडचं ते जुनं गोल चाक अजून सगळ्यांचा बाप आहे), शफल सगळ्या कार्डावर होतं की एकाच फोल्डरमध्ये. आलाप आणि बंदिश दोन वेगळे ट्रॅक असतील तर मध्ये सूर तुटतो का ते पण ऐका. आणि नावं देवनागरीत असतील तर ती नीट दिसतात का बघा. माझ्या त्या प्लेअरवर 'किती'ची पहिली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले असायचे.

कार्डाबद्दल एक. नकली कार्डं सर्रास मिळतात. आत असतात ३२ जीबी आणि सांगतात ५१२, भरताना काही कळत नाही, ३२ च्या पुढे गेलं की पुढचं सगळं वाया किंवा आधीचं पुसलेलं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३, दोन्ही फुकट आहेत, ते पूर्ण कार्ड भरून परत वाचून खात्री करतात. वेळ लागतो, पण करा.

बॅटरीबद्दल जास्त लिहीत नाही, कंपनी सांगते ते आकडे बहुतेक वेळा स्क्रीन बंद आणि एमपी३ लावून काढलेले असतात. जुन्या हार्डडिस्कवाल्यांमध्ये गंमत होती, प्लेअर बरीच गाणी एकदम उचलून मेमरीत घ्यायचा आणि डिस्क झोपवायचा, म्हणून मोठ्या फाइल लावल्या की डिस्क सारखी जागी व्हायची आणि चार्जिंग भराभर उतरायचं. कार्डवाल्यात तो प्रश्न नाही, तिथे बॅटरी खातो तो मोठा स्क्रीन आणि अँड्रॉइड.

कुठला मॉडेल घ्यावा हे विचारलं होतंत ते राहिलंच. मी नाव सांगणार नाही, कारण तुमच्याकडे गाणी किती आहेत ते तुम्ही लिहिलेलंच नाही. गाणी स्वतःच्या फाइलमध्ये नसतील, सगळं ॲपवरच असेल, तर घेऊच नका, तिथे तुमच्या घरच्यांचं बरोबर आहे. गाणी तीनचार हजार असतील तर १२८ पुरतं. वीस हजाराच्या वर असतील तर एक टीबी घ्या, पण सगळ्याची दुसरी कॉपी घरी डिस्कवर ठेवा, खिशातली वस्तू म्हणजे बॅकअप नव्हे.

आणि आता एवढं लिहिलंय तर हेही सांगतो, माझ्या प्लेअरमध्ये रोज जे कार्ड असतं ते ६४ जीबीचं आहे. दोनेक हजार गाणी, स्कॅन अर्ध्या मिनिटात. ५१२ चं डबीत असतं, लांबच्या प्रवासाला निघताना काढतो. मेव्हण्याला हे माहीत नाही. त्याच्यासमोर कार्ड बदलायची वेळ आली तर मी हेडफोनची वायर शोधायला आतल्या खोलीत जातो.