बोअरचं पाणी खारंच आहे, त्यात पट्ट्यांचा समुद्री मासा जगेल का?

"आमच्या लातूरच्या बोअरचं पाणी तसंही खारंच आहे" हे तुमचं वाक्य वाचून हसू आलं, कारण परभणीत मीही घरच्या समुद्री माशांच्या टाकीसाठी आधी हाच हिशेब केला होता. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लीटरमागे 1400 मिलिग्रॅम येतो. म्हणजे लीटरमागे दीड ग्रॅमही क्षार नाहीत, आणि समुद्रात असतात साधारण 35 ग्रॅम. त्यातून आपले क्षार म्हणजे भांड्यावर पांढरे डाग पाडणारे, समुद्राचं मिश्रण वेगळंच. जेवणातलं मीठ टाकूनही भागत नाही. आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात मरीन सॉल्ट मिसळायचं; शंभर लीटरला साडेतीन किलोच्या पुढंच लागतं. आरओतून वाया जाणारं पाणी फरशीला, संडासाला वापरा. टँकरच्या गावात ते ओतून द्यायला जीव होत नाही.

तुमच्या फोटोतला तीन काळ्या पट्ट्यांचा पांढरा मासा हंबग डॅमसेल आहे. तसा काटक असतो. पण टाकी भरली की लगेच मासा सोडू नका. विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चारसहा आठवडे जातात. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत दम धरा.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. बाहेर 42 अंश आणि माशाला हवं 24 ते 27. पाणी थंड करणारं यंत्र, म्हणजे चिलर, महाग, म्हणून मी टाकीचं झाकण काढून पाण्यावर टेबल फॅन सोडतो. माठाचंच तत्त्व, आपली हवा कोरडी असल्यामुळं तीनचार अंश सहज उतरतात. खोलीत कूलर मात्र लावू नका, दमट हवेत ही युक्ती चालत नाही. माझ्या तीन फुटी टाकीतून उन्हाळ्यात रोज दीडेक लीटर पाणी उडतं. पहिल्या वर्षी ती तूट मी मिठाच्या पाण्यानंच भरत गेलो. उडतं ते नुसतं पाणी, मीठ खालीच राहतं, हे डोक्यातच आलं नाही. आठवड्याभरात दोन मासे गेले. तेव्हापासून तूट साध्या आरओ पाण्यानं भरतो आणि पाण्याचा खारेपणा घनतेवरून दाखवणाऱ्या हायड्रोमीटरवर 1.025 बघूनच झोपतो.

लाइट गेली तर फॅनपेक्षा हवेचा पंप महत्त्वाचा. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. त्यामुळं इन्व्हर्टरवर आधी पंप घ्या.

मुलीला जोडी हवीय म्हणता, पण लहान टाकीत एकच ठेवा. समुद्रात हे मासे फांद्यांच्या प्रवाळात घोळक्यानं राहतात. टाकीत मात्र मोठा धाकट्याला कोपऱ्यात दाबून मारतो. क्लाउनफिशही हवा असेल तर तो आधी सोडा, हंबग शेवटी. आधी आलेला हंबग अख्खी टाकी आपल्या नावावर करून घेतो. माझा तर साफ करताना माझ्या बोटालाही टोचतो.