‘समज, तू बुडत होतास’

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे. मैदानात चार मित्र जमले की ‘मी कॅप्टन’, ‘नाही, मीच कॅप्टन’ यातच अर्धा तास जातो. खेळ सुरू व्हायच्या आत घरी निघायची वेळ होते. भूमिका मीच वाटून देऊ का?

नका देऊ. तुम्ही ज्याला खोळंबा म्हणताय, तोच त्यांचा खेळ आहे. एकदा जवळ बसून, पण मान दुसरीकडे वळवून ऐका. ‘समज, घसरगुंडी म्हणजे जहाज होतं. आणि तू बुडत होतास.’ ‘नको, मला पोहता येत होतं!’ ‘बरं, पण तुझा पाय अडकला होता.’ एकाने गोष्ट मांडली, दुसऱ्याने खोडली, पहिल्याने पुन्हा सांधली. ‘होतं’ म्हटलं की ते खोटं-खोटं, हे सगळ्यांना न सांगता कळतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्कीने १९३३ साली मांडलं होतं, की कल्पनेच्या खेळालाही नियम असतात. कॅप्टन झालेल्याला कॅप्टनसारखंच वागावं लागतं, खरचटलं तरी भोकाड पसरता येत नाही. एरवी तुमचं न ऐकणारा मुलगा हा नियम आपणहून पाळतो. तुम्ही भूमिका वाटल्यात, तर घासाघीस संपेल आणि बहुधा खेळही.

मारामारीवर आलं तर अर्थातच मधे पडा.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला मैत्रिणी कायम ‘कुत्रा’ करतात. मला फार लागतं.

तिला लागतं का? कुत्र्याला भुंकता येतं, पळून जाता येतं, कुणाचं ऐकावं लागत नाही. कित्येकदा राणीपेक्षा त्याचीच मजा असते. (लहानपणी मी एक अख्खा उन्हाळा झाड होतो. तक्रार नव्हती.) पण ती हिरमुसून घरी येत असेल, तर तिला ‘आज मला राणी करा’ असं मागायला शिकवू नका. मागितलं की ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. त्यापेक्षा गोष्टीत काहीतरी नवं घेऊन जायला सुचवा : ‘मी हरवलेला कुत्रा होते आणि खजिना कुठे पुरलाय ते मलाच माहीत होतं.’ आता सगळ्यांना तिच्या मागे धावावं लागेल. घरी तुम्ही राणी व्हा, तिला कुत्रा होऊ द्या आणि हे वाक्य दोन-तीनदा खेळून बघा.

प्रश्न : तीन वर्षांचा मुलगा नुसता बघत उभा राहतो. ढकलू का पुढे?

नको. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टनने १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार नोंदवले, त्यात ‘बघत राहणं’ हाही एक होता. तीन वर्षांची मुलं पुष्कळदा शेजारी-शेजारी खेळतात, एकत्र नाही. मोठी मुलं लिंबूटिंबू म्हणून घेत असतील तर उत्तमच.

प्रश्न : सारखं ‘ठो, तू मेलास’ चालतं. थांबवावं का?

चेहरे बघा. दोघे हसताहेत, आळीपाळीने मरताहेत, ‘टाइम प्लीज’ म्हटल्यावर थांबताहेत, तर चालू द्या. एकच मुलगा रोज मरत असेल आणि त्याला ते नको असेल, तर थांबवा. बाकी मेलेला तीन सेकंदांत उठून ‘मला अजून एक जीव होता!’ असं ओरडला, तर त्यावर वाद घालायला त्याचे मित्र समर्थ आहेत.