आर्म कोणता, कार्ट्रिज कोणतं? : वाचकांचे प्रश्न

रेकॉर्ड वाजवणाऱ्या टर्नटेबलबद्दल या महिन्यात आलेली पत्रं सगळी किनाऱ्यावरची आहेत, श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत. त्यामुळे उत्तरंही इथल्या घरांचा, इथल्या विजेचा आणि इथल्या हवेचा विचार करूनच देतो.

प्रश्न : मुंबईतली नोकरी संपवून गुहागरला घर बांधलं. टेक्निक्सचा एसएल-१२००जी टर्नटेबल घेतला आहे. कार्ट्रिजसाठी दीड लाखापर्यंत तयारी आहे. ऑर्टोफॉनचं टूएम ब्लॅक, त्यांचीच कॅडेन्झा मालिका आणि डेनॉनचं डीएल-१०३ ही नावं कानावर आली आहेत. दुकानदार म्हणतो, परवडेल तितकं महाग घ्या. संग्रहात जुनं नाट्यसंगीत आणि ख्याल जास्त, थोडं हिंदी.

उत्तर : दुकानदाराचा सल्ला बाजूला ठेवा. कार्ट्रिज, म्हणजे सुई असलेला छोटा भाग, सुटं विकत मिळतं, पण वाजतं ते आर्मच्या, म्हणजे त्याला धरणाऱ्या हाताच्या, जोडीनं, आणि ही जोडी जमते की नाही हे किमतीवरून कळत नाही. ते कळतं दोन आकड्यांवरून. पहिला म्हणजे आर्मचं परिणामी वस्तुमान, म्हणजे सुईला प्रत्यक्ष जाणवणारं आर्मचं वजन. दुसरा म्हणजे कार्ट्रिजचा कम्प्लायन्स, म्हणजे सुईची दांडी ज्या रबरावर टेकलेली असते ते किती मऊ आहे. वजन आणि स्प्रिंग एकत्र आले की त्यांची स्वतःची एक कंपनसंख्या ठरते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान यावी. त्याखाली गेली तर वाकड्या रेकॉर्डची चढउतार आणि घरातली पावलं सुईला हलवतात, वर गेली तर ती संगीताच्या खर्जाला भिडू लागते.

हिशोब घरी करता येतो. आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू यांचं एकूण वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला कम्प्लायन्सनं गुणा, गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्यानं भागा. तुमचा आर्म हेडशेलसकट (कार्ट्रिज ज्याला बसतं तो पुढचा तुकडा) साधारण १२ ग्रॅमचा आहे. स्क्रूंसाठी एक ग्रॅम धरू.

टूएम ब्लॅक ७.२ ग्रॅमचं, कम्प्लायन्स २२. उत्तर येतं साडेसात हर्ट्झच्या आसपास. अगदीच वाईट नाही, पण सपाट रेकॉर्ड असतील तरच. माळ्यावर उन्हाळे काढलेल्या रेकॉर्ड सपाट नसतात. कॅडेन्झा साधारण १०.७ ग्रॅमचं, कम्प्लायन्स १२ च्या घरात. उत्तर ९.४, म्हणजे नेमकं हवं तिथं. डीएल-१०३ साडेआठ ग्रॅमचं. त्याच्या कागदावर कम्प्लायन्स ५ दिसेल आणि तिथंच पुष्कळ लोक फसतात, कारण जपानी कंपन्या हा आकडा १०० हर्ट्झला मोजून छापतात. आपल्या हिशोबासाठी तो दीडपट ते दुप्पट करून घ्यायचा. १० धरला तर उत्तर १०.८ येतं. हीसुद्धा छान जोडी.

म्हणजे निवड कॅडेन्झा आणि डीएल-१०३ यांच्यात आहे. माझं मत डीएल-१०३ च्या बाजूनं, आणि ते स्वस्त आहे म्हणून नाही. १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेच्या गरजेसाठी ते बनवलं गेलं आणि आजही बनतं. मी आकाशवाणीच्या तांत्रिक विभागात नोकरी केली, त्यामुळे प्रसारणासाठी बनवलेल्या यंत्रावर माझा जीव आहे. दिवसभर वाजवायचं, कुणीही वाजवायचं, आणि आवाज रोज तोच यायला हवा, या अपेक्षेनं ते घडवलेलं असतं. त्याची सुई गोल टोकाची आहे. रेकॉर्डच्या आतल्या भागात, लेबलाजवळ, ती वरचे स्वर थोडे गमावते, हे खरं. पण गायकाचा गळा, तबल्याची थाप आणि ऑर्गनचा भरणा ती इतका भक्कम देते, की तुमच्या संग्रहासाठी मला दुसरं सुचत नाही.

आणि पैशांचं म्हणाल तर सुई झिजणारी वस्तू आहे. निगा राखली तरी हजार तासांच्या पुढेमागे तिचं आयुष्य संपतं. ही दोन्ही मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईसोबत तारेचं वेटोळं हलणारी कार्ट्रिज आहेत. त्यांची सुई घरी बदलता येत नाही, अख्खं कार्ट्रिज पाठवावं किंवा बदलावं लागतं. घरात नातवंडं असतील, कुणी फडक्यानं धूळ पुसणारं असेल, तर दीड लाखाची दांडी एका झटक्यात जाते. फोनो स्टेज, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग, मात्र वीस वर्षं टिकतो. म्हणून उरलेली रक्कम त्यात घाला. पुढे कॅडेन्झा घ्यावंसं वाटलं, तर तोच फोनो स्टेज त्याच्याही कामी येईल.

कार्ट्रिज बसवताना प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईचा कोन जुळवायची खुणांची पट्टी, वापरा. सर्वमान्य मांडणीत सुई मध्यबिंदूपासून ६६ आणि सुमारे १२१ मिलिमीटरवर खाचेला अचूक समांतर आली पाहिजे. वजन अडीच ग्रॅम, आणि ते आर्मवरच्या आकड्यावरून न ठेवता छोट्या डिजिटल काट्यावर मोजून ठेवा.

प्रश्न : डीएल-१०३ बसवलं, पण आवाज फार बारीक येतो. अॅम्प्लिफायरचा नॉब पाऊण फिरवला की खरखर आणि गुणगुण वर येते. कार्ट्रिज खराब निघालं का? (वेंगुर्ला)

उत्तर : कार्ट्रिज ठीक आहे. अॅम्प्लिफायरचं फोनो सॉकेट मूव्हिंग मॅग्नेटसाठी, म्हणजे सुईसोबत चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजसाठी असतं, तिथं सिग्नल साधारण १०० पट म्हणजे ४० डेसिबल वाढतो. त्या जातीचं ऑर्टोफॉनचं टूएम रेड ५.५ मिलिव्होल्ट देतं, तुमचं ०.३. म्हणून तुमचा सिग्नल गुणगुणीतून वर येतच नाही. आणखी २० डेसिबल हवेत.

दोन वाटा आहेत. एक, मूव्हिंग कॉइलची सोय असलेला फोनो स्टेज. दुसरी, आहे त्याच सॉकेटच्या आधी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. मला दुसरी वाट आवडते. त्यात वीज लागत नाही, त्यामुळे विजेची घाणही येत नाही. पण इथंही जोडी बघावी लागते. ट्रान्सफॉर्मर १:१० चा घ्या. ०.३ चे ३ मिलिव्होल्ट होतात. शिवाय सॉकेटचे ४७,००० ओहम कार्ट्रिजला १० च्या वर्गानं भागून, म्हणजे ४७० ओहम, दिसतात. डीएल-१०३ चा अंतर्गत रोध ४० ओहम. त्याच्या दहापटीच्या आसपास लोड असावा हा जुना ठोकताळा, तो इथं बरोबर बसतो. कुणी १:३० चा दाखवून ‘यात आवाज मोठा येतो’ म्हणेल. त्यात कार्ट्रिजला फक्त ५२ ओहम दिसतील, निम्म्याच्या जवळ सिग्नल वाटेतच जिरेल आणि आवाज मिटल्यासारखा येईल. १:३० हा तीन-पाच ओहमच्या कार्ट्रिजसाठी असतो.

गुणगुण उरली तर टर्नटेबलची बारीक काळी किंवा हिरवी अर्थ वायर फोनोच्या स्क्रूला नीट कसली आहे का ते पाहा. ट्रान्सफॉर्मर अॅम्प्लिफायरपासून दोन हात लांब ठेवा आणि जागच्या जागी फिरवून बघा. एका कोनात गुणगुण अगदी कमी होते. घराचं अर्थिंगही वायरमनकडून मोजून घ्या. जांभ्याच्या कातळात उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं.

प्रश्न : आमचं घर जुनं, चिऱ्याचं, वर लाकडी माळा. टर्नटेबल माळ्यावरच्या खोलीत आहे. नातू नुसता चालला तरी सुई उडते. आवाज वाढवला की खर्जात घुंऽऽ असा नाद सुरू होतो आणि वाढतच जातो. जास्त चांगला टर्नटेबल घेऊ का? (मालवण)

उत्तर : नका घेऊ, ताई. नवा घेतलात तरी तोही त्याच फळ्यांवर उभा राहणार. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत. पावलांनी फळ्या अगदी सावकाश, सेकंदाला काही वेळा, हलतात आणि आर्मला तेच नको असतं. दुसरं, स्पीकरचा खर्ज फळीतून परत सुईपर्यंत पोचतो, पुन्हा वाढून स्पीकरमधून येतो आणि चक्र सुरू राहतं. याची खात्री करून घ्या. टर्नटेबल बंद ठेवून सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा आणि आवाज हळूहळू वाढवा. संगीत नसतानाही घुंकार सुरू झाला तर हेच कारण. सुरू होताच नॉब खाली घ्या, नाहीतर स्पीकरला इजा होईल.

शक्य असेल तर यंत्र खाली माजघरात आणा. जोत्यावरच्या शहाबादी फरशीइतकी स्थिर जागा शहरातल्या फ्लॅटमध्येही मिळत नाही. वरच ठेवायचं असेल तर चिऱ्याच्या भार पेलणाऱ्या भिंतीवर फळी बसवा, मधल्या पातळ कुडावर नको. जांभा सच्छिद्र असतो, साधा प्लग काही महिन्यांत सैल होतो. लांब बोल्ट आणि छिद्रात भरायचं रेझिन वापरायला सांगा. वर १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय पुरे. कडप्पा सुंदर दिसतो, पण नुसता दगड टणकतो आणि भिंतीवर वजनही नाहक वाढतं. स्पीकर त्या भिंतीपासून दूर ठेवा, वाजवताना टर्नटेबलचं प्लास्टिकचं झाकण काढून ठेवा आणि फळी दोन्ही दिशांना लेव्हल लावून समतल करा.

तुमच्या घराची एक गोष्ट मात्र फार मोलाची आहे. वर स्लॅब नाही, उतरतं कौलारू छप्पर आहे. समोरासमोरच्या सपाट भिंती-छतात अडकून आवाज जसा गढूळ होतो, तसा तिथं होत नाही. छताखाली सीलिंग करून ते घालवू नका.

प्रश्न : मुलगा सौदीत आहे. तिथे जुना, बेल्टवर चालणारा चांगला टर्नटेबल मिळतोय. आणू का? (श्रीवर्धन)

उत्तर : आधी मोटर कोणती ते विचारा. सौदीत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. जुन्या बेल्टच्या यंत्रांत बहुधा विजेच्या हर्ट्झवर फिरणारी एसी मोटर असते. ती इथं सहाव्या हिश्शानं हळू फिरेल, ३३⅓ ऐवजी मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे. काळी एकमधला गायक खालच्या काळी पाचमध्ये गाईल. व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुधारत नाही. ५० हर्ट्झची पुली मिळणार असेल तरच घ्या. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय थेट मोटरवर फिरणारं यंत्र) असेल तर हर्ट्झची काळजी नाही, फक्त व्होल्टेज पाहा. कुवेत, ओमान, दुबईची वीज ५० हर्ट्झचीच आहे, तिथून आणायला हरकत नाही.

प्रश्न : आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आणि काही एलपी मिळाल्या आहेत. पांढरी बुरशी आली आहे. कशानं पुसू, आणि कोणत्या सुईनं ऐकू? (देवगड)

उत्तर : आधी दोन ढीग करा. ७८ च्या तबकड्या लाखेच्या आहेत. त्यांना स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल लावू नका, लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश. लेबल भिजू द्यायचं नाही, आणि लगेच मऊ सुती कापडानं टिपून सावलीत उभ्या वाळवायच्या. एलपी विनाइलच्या, त्यांना पाण्यात थोडं आयसोप्रोपिल चालतं. जुनी कागदी पाकिटं बुरशीचं घर असतात. त्यावरचा मजकूर जपायचा असेल तर वेगळी ठेवा, तबकडी नव्या पाकिटात घाला.

सुई दोन्हीसाठी एक चालणार नाही. ७८ ची खाच रुंद, तिला सुमारे ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. एलपीचं टोक १५ ते १८ मायक्रॉनचं. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत खरखर गोळा करते. वेगळ्या हेडशेलवर ७८ चं कार्ट्रिज तयार ठेवा, म्हणजे अदलाबदल सोपी. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून जी तबकडी अंतराळात गेली, जिच्यात केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, तिच्यासोबत कार्ट्रिज आणि सुईही पाठवली होती. योग्य सुईशिवाय तबकडी मुकी असते हे ती पाठवणाऱ्यांना ठाऊक होतं.

आणखी एक. आजचे फोनो स्टेज १९५४ च्या रिआ वक्राप्रमाणे, म्हणजे मुद्रणात खर्ज-तार कमीजास्त करण्याच्या ठरलेल्या मापाप्रमाणे, खर्ज-तार जुळवतात. त्याआधीच्या ७८ च्या तबकड्या निरनिराळ्या वक्रांवर मुद्रित झाल्या आहेत. त्यामुळे बाल गंधर्वांचा किंवा मास्टर दीनानाथांचा आवाज दबल्यासारखा वाटला तर यंत्राला दोष देऊ नका. टोन कंट्रोलचा ट्रेबल कानाला पटेल तितका फिरवा, त्यात काही गैर नाही.

तबकड्या नेहमी उभ्या ठेवा, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेल ठेवा आणि दर पंधरवड्याला तव्यावर गरम करून पुन्हा वापरा. जमलं तर खोलीत डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखा. हेडशेलच्या पिना खाऱ्या हवेनं काळ्या पडतात, त्या महिन्यातून एकदा आयसोप्रोपिलच्या बोळ्यानं पुसा. अॅम्प्लिफायर पावसाळ्यात रोज तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल बाहेर काढते. मे अखेरीच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात मात्र नुसतं बटण बंद करून भागत नाही. सगळे प्लग सॉकेटमधून उपसून ठेवा.